त्या हिवाळ्यातली लाकडं

उणे तेवीस.
बसची माझ्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी,
आणि मागून कुणीतरी विचारतं, "दार लागत नाही का, बाई?"
दार नीट लागतं.
माझंच काही लागत नाही हल्ली:
ना डोळा, ना हिशेब, ना कुणाशी सूर.

छातीच्या मधोमध कुणी काडी ओढतं,
जाळ मानेवरून कानापर्यंत,
गणवेशाची कॉलर भिजते. तीन मिनिटं.
मग तोच घाम गार पडतो आणि मी खिडकी लावते.
आरशात चेहरा उकडलेल्या बिटासारखा.
औलूतली माणसं सभ्य. आरशात बघत नाहीत.

घाम सोसवतो. राग नाही.
मंगळवारी एक म्हातारा पायरीवर उभा राहून
हातमोजा काढून नाणी मोजत होता,
एक, दोन, पुन्हा एक,
आणि मी ओरडले. म्हणजे मी नाही,
माझ्या घशात दबा धरून बसलेली कुणीतरी.
"राहू दे," म्हणाला, आणि उतरला
त्या बर्फात, नाणी मुठीत.

रात्री डेपोत, शेवटच्या सीटखाली
लहान पोराचा एकच लाल मोजा सापडला.
तो हातात धरून एवढी रडले
की झाडू घेऊन पुढच्या दारानं चढलेला मुलगा
मागच्या दारानं उतरून गेला.

डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान.
तिनं कागदावर रेघ काढली, डोंगर, दरी, डोंगर,
"इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही, अडखळत उतरतं.
झोप आणि मन त्याच्या मागं ठेचकाळत जातात."
मी म्हटलं, मला वाटलं होतं, पाळी गेली की सुटले.
ती हसली नाही, हे बरं केलं.
कमरेला लावायची पट्टी दिली, आठवड्यातून दोनदा बदलायची.
आणि सहज विचारलं,
"तुमच्या आईला कसं गेलं हे?"

आई.
मी सतराची असेन. पुदास्यार्वीच्या पलीकडचं घर.
रात्री दोनला जाग यायची ती कुऱ्हाडीनं.
अंगणातल्या दिव्याखाली आई,
अंगात झोपायचा सदरा, पायात बाबांचे बूट,
खांद्यांवरून वाफ निघतेय,
दौडून आलेल्या घोड्याच्या निघते तशी.
गोठलेला बर्च एका घावात फुटतो.
ठक्. मग काहीच नाही. ठक्.
बाबा कूस बदलून म्हणायचे, "कष्टाळू आहे तुझी आई."

वसंतात बघितलं तर शेड भरलेली,
सौनाच्या भिंतीला रास, रास वळचणीला टेकलेली.
मी शिकायला गेले, परत आले, लग्न केलं यौकोशी,
तरी आम्ही तीच जाळत होतो.
तिच्या त्या रात्रींवर पाणी तापलं आमचं,
राईचा पाव भाजला.
कुणी विचारलं नाही.

रविवारी गेले. आता ती त्र्याऐंशीची, तिसऱ्या मजल्यावर,
कधी मला विर्पी म्हणते, कधी बहीण समजते.
"आई, ती लाकडं. एवढी कशाला फोडलीस?"
बराच वेळ खाली उभ्या गाड्या बघत राहिली.
"कुणाला लागलं नाही ना?"
"नाही."
"मग झालं."
आणि तेवढ्यात माझ्या छातीत काडी ओढली गेली.
आई उठली, धरल्याशिवाय जी उठत नाही ती,
आणि कडी काढली.
तिथल्या खिडक्या चार बोटंच उघडतात.

मंगळवारी तो म्हातारा चढला.
पैसे घरूनच मोजून आणले होते,
माझ्या तळव्यावर टेकवले, कोमट.
माफी तोंडाशी आली, तिथंच राहिली.
तो उतरेपर्यंत
मी खिडकी बंद ठेवली.